18 तासांचा आदर्श, 8 तासांचा हक्क

एप्रिल आला की आपल्या विहारांत आणि वाचनालयांत ‘18 तास अभ्यास’ उपक्रमाचे फलक लागतात. मुले पहाटे येऊन बसतात ती रात्री उशिरा उठतात. हे अभिवादन चांगलेच आहे. पण वर्षातल्या एका दिवसाचे हे अभिवादन हळूहळू रोजच्या जगण्याचे माप होऊन बसले आहे. पोरगा दुपारी घटकाभर आडवा झाला की “बाबासाहेब 18 तास अभ्यास करायचे” हे वाक्य त्याला ऐकवले जाते. चार घरची धुणीभांडी करून आलेली बाई जरा टेकली तर घरातलेच विचारतात, “बसून काय राहिलीस?” विश्रांती म्हणजे आळस, हे आपल्या मनात पक्के बसले आहे.

याला कारणही आहे. ज्यांनी आपल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेतले, त्यांनीच त्यांना आळशी ठरवले. ते खोटे पाडण्यासाठी आपण दुप्पट राबलो, शिकलो. ती जिद्द मोलाची आहे. पण याच बाबासाहेबांनी कामगारांसाठी काय केले, तेही पाहू या.

जुलै 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्यांच्या कारकिर्दीत 1945 मध्ये कारखान्यातील कामगारांना भरपगारी रजेची तरतूद झाली. 1946 मध्ये बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे काम 54 तासांवरून 48 तासांवर आले. सहा दिवसांत वाटले तर रोजचे 8 तास. त्याच्याही आधी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी लढून 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवली होती. विश्रांती ही कोणी दिलेली भीक नाही, ती लढून मिळवलेली आहे. आपणच तिला आळस म्हणालो, तर तो लढा आपण विसरलो असे होईल.

आता शरीराकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्के जास्त दिसला. डबल ड्युटी करणारा वॉचमन किंवा रात्री उशिरापर्यंत रिक्षा चालवणारा भाऊ हे 55 तास चार-पाच दिवसांतच ओलांडतो.

जास्त तास म्हणजे जास्त काम, हेही खरे नाही. थकलेला हात चुकतो, एकच काम दोनदा करावे लागते, आणि मशीनवर असेल तर बोट जाते. विद्यार्थ्यांचेही तसेच. दिवसभर वाचलेले मेंदू झोपेत पक्के करतो. झोप तोडून वाचलेली पाने परीक्षेत आठवत नाहीत. 13 ते 18 वयाच्या मुलांना 8 ते 10 तास आणि मोठ्या माणसाला किमान 7 तास झोप हवी.

सोण कोळिविस नावाच्या भिक्खूची गोष्ट त्रिपिटकात आहे. चंक्रमण करून करून त्याचे पाय रक्ताळले, तरी साधना साधेना. तो पूर्वी वीणा वाजवत असे. भगवान बुद्धांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? फार सैल सोडल्या तर वाजते का? मेहनतीचा असाच योग्य ताण ठेवावा, हा त्याचा बोध.

“विश्रांती घेतली तर खाडा पडतो, चूल कशी पेटणार?” हा प्रश्न खरा आहे. म्हणूनच विश्रांती उरलेल्या वेळेवर सोडून चालत नाही, कारण वस्तीत वेळ उरतच नाही. ती आधी ठरवावी लागते. नाक्यावर जाणाऱ्याने दुपारच्या डब्यानंतरची वीस मिनिटे सावलीत पाठ टेकण्यासाठीच ठेवावीत, मोबाइलसाठी नव्हे. रोज 20 रुपये बाजूला टाकले तर महिन्याचे 600 होतात, एका खाड्याची झळ त्याने बरीच कमी होते. बचत गटांनी हा विचार जरूर करावा. पहाटे नळाला पाणी येते तिथे उठण्याची पाळी नवरा, मुलगा, मुलगी यांनी वाटून घ्यावी. आठवड्यातून एक वेळचा स्वयंपाक घरातल्या पुरुषांनी करावा. समतेची सुरुवात तिथूनही होते. अभ्यास करणाऱ्या मुलांनी तासाभराने दहा मिनिटे उठून चालावे.

थकवा घालवायला दारू घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, दारूने गुंगी येते, पण झोप मोडत राहते. सकाळी अंग आणखी जड होते.

आठवडाभर नीट झोपूनही थकवा जात नसेल, तर ते नुसते कामाचे ओझे नाही. सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी ताप, वजनात घट असेल तर थुंकीची तपासणी करा. ती सरकारी केंद्रात मोफत होते.

शेवटी विहार समित्यांना एक विनंती. एका खोलीत सहा माणसे राहतात, तिथे झोपायचे तरी कुठे? रात्रपाळी करून आलेल्यांसाठी आणि परीक्षेच्या मुलांसाठी विहार दुपारी दोन तास उघडा आणि शांत ठेवा. रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर बंद हा कायदा आहेच, तो आपल्या जयंतीतही पाळा. 18 तास अभ्यासाचा फलक लावाल, तेव्हा त्याच्या शेजारी आठवड्याच्या 48 तासांचा इतिहासही लिहा. मुलांना दोन्ही बाबासाहेब कळू द्या.