परदेशी नोंदणीचा दोष कोणाचा?

संपादक महाशय,


नवउद्योजक केवळ लोभाने सिंगापुरास कंपनी नोंदवितात, हा गतांकातील पत्रलेखकांचा आक्षेप एकांगी आहे; दोष आपल्या करकायद्याचाही आहे. देशी गुंतवणूकदाराने भागांसाठी वाजवी मूल्याहून अधिक रक्कम दिल्यास ते आधिक्य कंपनीचे उत्पन्न समजावे, अशी तजवीज 2012 च्या वित्त अधिनियमाने केली. आणि ज्या उद्योगाची सारी मत्ता म्हणजे एक कल्पना व चार होतकरू माणसे, त्याचे मूल्य आयकर कचेरीतील अंमलदाराने मागाहून तपासावे, हे रोपट्याकडे फळांचा हिशेब मागण्यासारखेच होते. 2023 साली परदेशस्थांनाही लागू झालेली ही तरतूद 2024 च्या अर्थसंकल्पाने रद्द केली, हे उशिरा का होईना, योग्य झाले. परंतु फोनपे ही डिजिटल देयकांची कंपनी 2022 मध्ये सिंगापुराहून भारतात परतली, तेव्हा तिच्या भागधारकांना सुमारे 8000 कोटी रुपये कर पडला. जाणाऱ्यास लोभी म्हणावयाचे, तर परतणाऱ्यावरील या जकातीस काय म्हणावे, हे पत्रलेखकांनीच सांगावे.

आपला,
एक वाचक, पुणे