विरजणाची इमेज

परवा आत्याचा फोन आला होता. "तू ऑफिसात नक्की काय करतोस रे?" "मशीनचे साचे बनवतो," म्हटलं. त्यावर ती जी गप्प झाली, तिच्यासाठी ही पोस्ट.

तर होतं असं. आमच्याकडे कुणी कोडमध्ये बदल केला की क्लाउडवर एक नवंकोरं व्हर्च्युअल मशीन उभं राहतं, त्यावर सगळ्या टेस्ट आपोआप चालतात, आणि मशीन मोडून टाकलं जातं. नुसत्या उबुंटूवर दर वेळी सगळं इन्स्टॉल करत बसलं तर त्यातच १५ मिनिटं जातात. म्हणून लागेल ते आधीच भरून ठेवलेली डिस्कची प्रत, म्हणजे इमेज, तयार ठेवायची.

आमची इमेज विरजणाची होती. कुणीतरी एक मशीन हाताने सजवलं, त्याची इमेज घेतली. पुढच्याने त्यावरून मशीन उठवलं, अजून दोन गोष्टी टाकल्या, परत इमेज. कालच्या दह्यातून आजचं. पहिलं विरजण कुणाच्या घरचं ते विचारायचं नाही. (लावणारा केव्हाच नोकरी सोडून गेला.)

गेल्या वर्षी एका ग्राहकाकडे आमचं सॉफ्टवेअर सुरूच होईना. इकडे टेस्ट मात्र आठ महिने हिरव्यागार! तीन रात्री जागल्यावर सापडलं. पीडीएफ बनवणारी एक लायब्ररी आमच्या इन्स्टॉलरमध्ये नव्हतीच. ती इमेजमध्ये कुणीतरी हाताने टाकून ठेवली होती. तो इन्स्टॉलर मीच लिहिलेला, हेही सांगून टाकतो. आठ महिने आम्ही आमचं सॉफ्टवेअर नाही, आमची इमेज तपासत होतो.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. इमेज हाताने करायची नाही, तिची कृती लिहायची. पॅकर (२०१३ पासून आहे, नवलाई काही नाही) तात्पुरतं मशीन उभं करतं, आपली स्क्रिप्ट चालवतं, इमेज घेतं आणि मशीन मोडतं. इमेज घेण्याआधी मशीन-आयडी आणि एसएसएचच्या होस्ट-की पुसायच्या, नाहीतर सगळी मशीनं एकाच ओळखीची जुळी भावंडं. आणि जे इन्स्टॉलरने आणायचं, ते इमेजमध्ये अजिबात घालायचं नाही. मग टेस्टला दोन मिनिटं जास्त लागली तरी चालेल.

मित्र म्हणतो, "चालतंय ना? मग दर आठवड्याला नव्याने कशाला? काहीतरी मोडणारच." मोडतंच. ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चा सपोर्ट संपला, त्याच्या मिरर यादीचा जुना पत्ता बंद झाला, आणि ज्यांच्या कृतीत तो पत्ता होता त्यांची इमेज बनेनाशी झाली. विरजणवाल्यांना पत्ताही लागला नाही. त्यांची मशीनं सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्यांशिवाय निवांत चालू राहिली. मला विचाराल तर मोडलेलं सोमवारी सकाळी चहाबरोबर कळलेलं बरं, ग्राहकाच्या फोनवर नको.

आमची इमेज काल रात्रीही मोडली. एका पॅकेजचं नाव बदललं होतं. दुरुस्त करून पुन्हा लावली आहे, २२ मिनिटं झाली, अजून बनतेय.