बढतीचा जुगार आणि चाहत्यांचा खिसा

२७ मे २०१९. लंडनचं वेम्ब्ली मैदान. ॲस्टन व्हिला आणि डर्बी काउंटी या दोन जुन्या इंग्लिश क्लबांचा सामना. जिंकेल तो प्रीमियर लीगमध्ये जाणार, हरेल तो खालच्या चॅम्पियनशिपमध्येच राहणार. व्हिला २-१ असा जिंकला.

गंमत अशी की दोघांनीही ऐपतीबाहेर खर्च करून ठेवला होता. व्हिला आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, हाच अंतिम सामना फुलहॅमकडून हरला होता आणि तेव्हा त्याच्याकडे कर भरण्याइतकेही पैसे नव्हते. नवे मालक मिळाले म्हणून निभावलं. डर्बीच्या मालकानं तर क्लबाचं मैदान सुमारे ८ कोटी पौंडांना आपल्याच दुसऱ्या कंपनीला विकून हिशेब जुळवला होता. पुढे काय झालं? व्हिला २०२४-२५ मध्ये चॅम्पियन्स लीग खेळला. डर्बी २०२१ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत सापडला, त्याचे २१ गुण कापले गेले आणि २०२२ मध्ये तो आणखी एक पायरी खाली घसरला. एका गोलाच्या फरकानं एक घर दूरदर्शी ठरलं आणि दुसरं उधळं.

आता तुम्ही म्हणाल, या बाईला फुटबॉलमधलं काय कळतं? खरंय, ऑफसाइड मला अजून नीटसं कळलेलं नाही. पण माझा पुतण्या बरीच वर्षं इंग्लंडात आहे आणि तिथल्या एका क्लबाचा भक्त झाला आहे. (आमच्या घरात भक्ती नेहमी अशीच भलत्या ठिकाणी जाते.) त्यानं मध्यंतरी फोनवर विचारलं, "काकू, क्लब आम्हा चाहत्यांकडून रोख्यांसाठी पैसे मागतोय. वरच्या लीगमध्ये गेलो तर बोनस देणार म्हणे. भरू का?" गणित माझा विषय नव्हे, मी मराठी-इतिहासवाली. पण लोकांकडून पैसे कसे मागितले जातात हे मी आयुष्यभर पाहिलंय. म्हणून चार गोष्टी वाचल्या.

आधी मोह केवढा आहे ते पाहा. प्रीमियर लीगमध्ये तळाला राहिलेल्या क्लबालासुद्धा हंगामाला १० कोटी पौंडांच्या आसपास पैसे मिळतात. खालच्या लीगमध्ये त्याचा लहानसा अंशच. वर जाऊन परत घसरलात तरी जास्तीत जास्त ३ वर्षं 'पॅराशूट'चे पैसे मिळत राहतात. म्हणजे ज्यांना ते मिळतात त्यांचा हात सढळ, आणि बाकीचे त्यांच्या बरोबरीनं धावायला जातात. २४ क्लब, वर जायच्या जागा ३. चॅम्पियनशिपमधल्या क्लबांचा नुसता पगारांवरचा खर्च अनेक हंगामांत त्यांच्या एकूण उत्पन्नाहून जास्त होता. शंभर रुपये मिळवायचे आणि एकशेपाच नुसते पगारात द्यायचे! आमच्या संस्थेच्या चिटणीसांनी असा ताळेबंद मांडला असता तर सर्वसाधारण सभेत खुर्च्या उडाल्या असत्या.

ही तूट कोणीतरी भरायची असते. श्रीमंत मालक भरतो तोवर ठीक. आपल्या पुण्याच्या वेंकीज मंडळींनी २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला तो असाच. २०१२ मध्ये क्लब खाली घसरला त्या संध्याकाळी चाहत्यांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली होती. पैसा मालकाचा होता, तरी राग केवढा! मग पैसा जेव्हा चाहत्याचाच असेल तेव्हा काय?

चाहत्याचा पैसा घेण्याच्या दोन रीती दिसतात. एक, त्याला न विचारता. लीड्स युनायटेड २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पोचला होता. तेव्हा त्यांनी पुढच्या काळातली तिकीटविक्री तारण ठेवून ६ कोटी पौंड उचलले. हिशेब असा की दरवर्षी युरोपात खेळूच. नाही खेळले. खेळाडू विकले, २००४ मध्ये खाली आले, त्याच वर्षी स्वतःचं एलंड रोड मैदानही विकलं. प्रीमियर लीगमध्ये परतायला २०२० उजाडलं. जो पोरगा २००१ मध्ये बापाचं बोट धरून सामना पाहायला जात होता, त्याची भविष्यातली तिकिटंही गहाण पडली होती, आणि त्याला ते कोणी सांगितलं नव्हतं. ग्लासगोच्या रेंजर्सचं २०११ मधलं प्रकरण बढतीचं नव्हे, पण जातकुळी तीच. नव्या मालकानं क्लब एका पौंडाला घेतला आणि बँकेचं कर्ज फेडायला येत्या हंगामांची तिकिटं एका कंपनीला आधीच विकून २ कोटींहून जास्त पौंड आणले. २०१२ मध्ये सगळं कोसळलं आणि रेंजर्सना चौथ्या पायरीवरून सुरुवात करावी लागली.

दुसरी रीत उघड मागण्याची. नॉर्विच सिटीनं २०१८ मध्ये चाहत्यांकडून रोख्यांतून ५० लाख पौंड उभे केले. मुदत ५ वर्षं, व्याज ८ टक्के. त्यातले ५ रोख आणि ३ क्लबात खर्चायचे. शिवाय प्रीमियर लीगमध्ये गेल्यास २५ टक्के बोनस. २०१९ मध्ये क्लब वर गेला आणि चाहते खूश. पुतण्यानं हाच दाखला दिला होता. पण मी त्याला म्हटलं, नीट वाच. ते पैसे तरुण खेळाडूंच्या प्रशिक्षण केंद्राच्या बांधकामासाठी होते, कुणा गोलंदाजाच्या... चुकले, गोल करणाऱ्याच्या पगारासाठी नव्हते. क्लब वर गेला नसता तरी इमारत उभी राहिलीच असती.

माझं म्हणणं इथेच आहे. आमच्या शाळेनं माजी विद्यार्थ्यांकडे वर्गखोल्यांसाठी वर्गणी मागितली तेव्हा मी स्वतः पावतीपुस्तक घेऊन फिरले आहे. खोल्या झाल्या, त्यांत आज मुलं बसतात. पण बोर्डाच्या गुणवत्ता यादीत मुलं आणण्यासाठी शहरातून नामांकित शिक्षक दुप्पट पगारानं आणतो, त्याला वर्गणी द्या, नंबर आला तर परत करू, असं कोणी म्हणालं असतं तर मी त्या पावतीपुस्तकाला हात लावला नसता. शिक्षक वर्षभरात निघून जातो, पावती तेवढी लोकांच्या घरात राहते.

कोणी म्हणेल, चाहते काय कुक्कुली बाळं आहेत? स्वतःच्या पैशानं जुगार खेळले तर तुमचं काय जातं? हे मला अर्धंच पटतं. शेअर घेणारा माणूस भाव पडला की विकून मोकळा होतो. चाहता कुठे जाणार? डर्बीचा माणूस उद्यापासून नॉटिंगहॅमचा होऊ शकत नाही. जो सोडून जाऊ शकत नाही त्याच्याकडे पैसे मागणं सोपं, म्हणूनच ते जपून मागायला हवेत. आपल्याकडे गावोगावच्या पतसंस्था बुडाल्या तेव्हा ठेवी कुणाच्या होत्या? अध्यक्ष आपल्यातला आहे, असं म्हणणाऱ्यांच्याच. त्यांनी ताळेबंद वाचला नव्हता, माणूस ओळखीचा होता. इंग्लंडातही असे छोटे रोखे विकणारी एक कंपनी २०१९ मध्ये बुडाली आणि ११ हजारांहून जास्त लोकांचे पैसे अडकले. त्यानंतर तिथल्या वित्तीय नियामकानं सामान्य लोकांत अशा सट्ट्याच्या रोख्यांची जाहिरात बंद केली. २०२५ मध्ये फुटबॉलसाठी वेगळा नियामक नेमणारा कायदाही आला. चांगलं झालं. पण प्रेमापोटी दिलेल्या पैशाला कायदा कितपत पुरणार?

बरीचं उदाहरण वाचून तर मला रात्री झोप लागली नाही. मँचेस्टरजवळचं लहान गाव, १८९४ पासून लीगमध्ये असलेला क्लब. तिथेही वर जाण्यासाठी न पेलणारे पगार दिले गेले. एप्रिल २०१९ मध्ये बरीनं खरोखरच वरच्या लीगमध्ये बढती मिळवली. खेळाडूंचे पगार थकलेले होते. ऑगस्टमध्ये, त्या लीगमधला एकही सामना न खेळता, त्याला लीगमधून काढून टाकलं. बढती मिळवलेला क्लब हो! पुढे तिथल्या लोकांनीच सरकारी मदतीच्या जोडीनं स्वतःचे पैसे घालून ते मैदान परत मिळवलं. आता त्या मैदानावर पुष्कळ खालच्या पायरीवर फुटबॉल चालतो, आणि लोक येतात.

याउलट विंबल्डनच्या चाहत्यांचं पाहा. २००२ मध्ये त्यांचा क्लब दुसऱ्या शहरी हलवायला परवानगी मिळाली, तर त्यांनी स्वतःचा नवाच काढला. पुढे जुन्या परिसरात मैदान बांधताना पैसे कमी पडले, तेव्हा त्यांनीही रोखे काढले. व्याज किती घ्यायचं ते देणाऱ्यानंच ठरवायचं, शून्यापासून ४ टक्क्यांपर्यंत. ५० लाखांहून जास्त पौंड जमले आणि २०२० च्या नोव्हेंबरात मैदान सुरू झालं. क्लब त्यांचा, हिशेब त्यांच्यासमोर, मैदान त्यांच्या डोळ्यांसमोर. तिथे मी मागेपुढे न पाहता पैसे भरले असते.

पुतण्याला मी कळवलं, क्लबाला एवढंच विचार: पैसे विटांसाठी की पगारासाठी? वर नाही गेलात तर परतफेड कशातून करणार? आणि जे पैसे देतील त्यांच्यातल्या कुणाला संचालक मंडळात खुर्ची देणार का? त्यानं पत्र पाठवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. रोख्यांची मुदत मात्र क्लबानं पंधरा दिवसांनी वाढवली आहे.