मुलांना वारंवार युरिन इन्फेक्शन? आधी शाळेतल्या स्वच्छतागृहाबद्दल विचारा

सात वर्षांची मुलगी. वर्षभरात तिसऱ्यांदा लघवीला जळजळ आणि ताप. आई म्हणाली, "डॉक्टर, या वेळी जरा स्ट्राँग अँटिबायोटिक द्या, म्हणजे पुन्हा होणार नाही."

मी मुलीलाच विचारलं, "शाळेत लघवीला जातेस का?" तिनं मान हलवली. "घाण वास येतो. कडी पण लागत नाही." पाण्याची बाटली तशीच भरलेली घरी येते. शौचाला तीन-चार दिवसांनी होते, तीही कडक.

माझ्या मते तिच्या दुखण्याचं मूळ इथेच आहे. अँटिबायोटिक आत्ताचा संसर्ग बरा करतं. पुढचा टाळायचा तर सवयीच बदलाव्या लागतात.

बहुतेक वेळा हा संसर्ग ई. कोलाय या आतड्यातल्याच जंतूमुळे होतो. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्याने जंतू लवकर वर चढतात. लघवी वेळच्या वेळी झाली तर ते धुतले जातात, तुंबवून ठेवली तर वाढतात. बद्धकोष्ठतेमुळे भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं आणि लघवी पूर्ण सुटत नाही.

म्हणून घरी एवढं करा :

१. दर दोन-तीन तासांनी मुलाला लघवीला पाठवा, लागली नसली तरी. घाई नको, पूर्ण होऊ द्या.
२. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा स्टूल द्या.
३. पाणी, फळं, भाज्या, डाळी वाढवा. तरीही शौच कडक होत असेल तर डॉक्टरांकडून औषध घ्या.
४. मुलींना पुढून मागे धुवायला शिकवा. साबणाने आत धुऊ नका.

उरलेली अँटिबायोटिकची बाटली मात्र स्वतःहून देऊ नका. औषध सुरू करण्याआधी लघवी कल्चरला द्यायला हवी. नाहीतर कोणता जंतू आणि कोणतं औषध लागू पडेल, हे कळत नाही.

ताप, थंडी, उलट्या किंवा पाठीत दुखणं असेल, किंवा लहान बाळाला कारण न सापडणारा ताप असेल, तर त्याच दिवशी दाखवा. वारंवार तापासह संसर्ग झाल्यास सोनोग्राफी लागते. काही मुलांत लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे जाते. त्यांना बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली वेगळे उपचार लागू शकतात. दुर्लक्ष झालं तर किडनीवर कायमचे व्रण राहू शकतात.

आणि एक विनंती. पालकसभेत आपण मार्क विचारतो, वह्या तपासतो. पुढच्या सभेत स्वच्छतागृह बघायला मागा. पाणी आहे का? कडी लागते का? तासाला बोट वर केलं तर मुलाला जाऊ देतात का? लघवीला जाऊ देणं ही सवलत नाही, मुलाच्या आरोग्याची गरज आहे. त्या मुलीला माझ्या औषधाइतकीच दारावरच्या एका कडीची गरज होती.