हुशार झाला, पण कोणापेक्षा?

‘मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने सिद्ध केले आहे’ असे म्हटले की आपली मान आपोआप डोलते. त्यातून विषय मुलांच्या बुद्धीचा असला तर मग विचारायलाच नको! गर्भसंस्काराचे संगीत, स्मरणशक्तीचे वर्ग, मेंदूला चालना देणारी खेळणी यांची जाहिरात करताना कुठल्या तरी प्रयोगाचा हवाला हमखास दिला जातो. माझे म्हणणे एवढेच की, प्रयोगाचा निष्कर्ष ऐकण्याआधी त्याची मांडणी कशी होती, हे विचारण्याची सवय आपण लावून घ्यायला हवी. मोझार्टच्या संगीताची कथा या बाबतीत बोलकी आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयर्व्हाइन येथील संकुलात फ्रान्सेस राउशर व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९९३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थी होते. प्रत्येकाने एकदा १० मिनिटे मोझार्टचा दोन पियानोंसाठी रचलेला सोनाटा ऐकला, एकदा अंग सैल सोडायला सांगणाऱ्या सूचना ऐकल्या आणि एकदा तो नुसताच शांत बसला. दर वेळी लगेच आकृत्यांची कोडी सोडवायची होती. मोझार्टनंतरची कामगिरी बुद्ध्यांकाच्या मापात ८-९ गुणांनी सरस ठरली. हा परिणाम १०-१५ मिनिटांपलीकडे टिकत नाही, हेही संशोधकांनी स्वच्छ लिहिले होते.

आता पाहा, या प्रयोगात एकही बाळ नव्हते. तरीही लोकांच्या तोंडी झाले ते ‘मोझार्ट ऐकवा, बाळ हुशार होईल’! १९९८ साली जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी तर राज्यातल्या प्रत्येक नवजात बालकाला अभिजात संगीत भेट देण्यासाठी १,०५,००० डॉलरची तरतूद सुचवली.

खरी मेख होती ती तुलनेत. एकीकडे उत्साही, वेगवान संगीत आणि दुसरीकडे शांतता किंवा पेंग आणणाऱ्या सूचना. मग संगीताने बुद्धी चढली, की कंटाळ्याने ती मंदावली? नुसत्या गुणांच्या फरकावरून हे कळणार कसे? १९९९ साली कॅनडातील नँटे आणि शेलेनबर्ग या संशोधकांनी शांततेऐवजी स्टीफन किंग या लेखकाची कथा ऐकवली. मोझार्टची सरशी नाहीशी झाली! ज्यांना संगीत आवडले ते संगीतानंतर चमकले, ज्यांना कथा आवडली ते कथेनंतर. २००१ साली अल्बिनोनीच्या नावाने ओळखली जाणारी संथ, उदास रचना ऐकवून पाहिली, तर तिचा काहीच लाभ दिसला नाही. जादू मोझार्टची नव्हती. मन प्रसन्न आणि जागे असण्याची होती.

हीच कसोटी आपल्या गल्लीतल्या जाहिरातीला लावून पाहा. ‘आमच्या वर्गातील मुलांचे गुण वाढले.’ कोणाच्या तुलनेत? मुले एका वर्षाने मोठी होतात, तेव्हा वर्गाविनाही त्यांना जास्त समजू लागते. शिवाय फी भरून मुलांना वर्गाला घालणारे पालक घरीही अभ्यास घेत असतात. म्हणून खऱ्या प्रयोगात कोणते मूल वर्गाला जाईल हे पालक ठरवत नाहीत, चिठ्ठ्या टाकून ठरवले जाते. आणि दुसऱ्या गटाला नुसते बसवून न ठेवता तितकाच वेळ, तितक्याच आवडीचे दुसरे काही दिले जाते. गुण तपासणाऱ्याला कोणते मूल कोणत्या गटातले हे ठाऊक नसेल, तर अधिक उत्तम.

कोणी म्हणेल, ‘संगीत ऐकवले तर बिघडले काय?’ संगीताने काहीच बिघडत नाही. बिघडते ते धास्तीने. ‘गरोदरपणी तू ते ऐकले नाहीस, म्हणून पोर गणितात मागे’ असे एखाद्या सुनेला ऐकावे लागते, तेव्हा अर्धवट वाचलेल्या प्रयोगाची किंमत ती मोजत असते. बेताच्या मिळकतीतून महागड्या वर्गाचे हप्ते भरणारा बापही तीच मोजतो. या दोघांना शास्त्राने काहीही सांगितलेले नाही. सांगितले आहे ते बाजाराने, शास्त्राचे नाव घेऊन.

बाळाला गाणे जरूर ऐकवा, मोझार्ट असो की भूप. आपल्या आज्या-पणज्यांनीही अंगाई गाइली, पण तिच्या बदल्यात बाळाकडे गुणपत्रिका मागितली नाही.