‘टायफॉइड निघाला’ म्हणण्यापूर्वी

पावसाळ्यात कुठल्याही दवाखान्याबाहेर दहा मिनिटे उभे राहिले, तरी एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘‘रिपोर्टमध्ये टायफॉइड निघाला.’’ चार दिवस ताप, अंग मोडून आलेले, तोंडाला चव नाही. रक्त तपासले, कागदावर ‘विडाल पॉझिटिव्ह’ आले, सलाईन लागले, इंजेक्शने सुरू झाली. बहुतेक जण आठवडाभरात बरे होतात आणि निदान बरोबर होते असे सगळेच धरून चालतात. काहींचा ताप मात्र हटत नाही. धाप लागते, लघवी कमी होते, डोळे पिवळे दिसू लागतात. सातव्या-आठव्या दिवशी रुग्ण मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पोहोचतो. सोबत आणलेल्या फाईलच्या पहिल्या पानावर एकच शब्द असतो : टायफॉइड.

पहिल्या पानावरचा तो शब्द पुढच्या प्रत्येक डॉक्टरच्या विचाराला वळण लावतो. नाव सापडले की शोध थांबतो. महाराष्ट्रात पावसाळ्यात येणाऱ्या तापांपैकी काही आजार असे आहेत की त्यांचे औषध स्वस्त आहे, तालुक्याच्या गावी मिळते आणि वेळेवर दिले तर रुग्ण दोन दिवसांत सावरतो. ते आजार डॉक्टरांना वेळेवर सुचणे, हीच खरी अडचण आहे.

विडालचा आकडा काय सांगतो?

विडाल चाचणी १८९६ सालची. फ्रेंच डॉक्टर फर्नां विडाल यांच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी जंतू शोधत नाही. विषमज्वराच्या जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे रक्तात किती आहेत, एवढेच ती मोजते. ही प्रतिपिंडे आजच्या आजाराची असू शकतात, तशी मागे कधीतरी दूषित पाण्यातून पोटात गेलेल्या जंतूंचीही असू शकतात. आपल्याकडे हे जंतू इतके पसरलेले आहेत की धडधाकट माणसाचे रक्त तपासले तरी काही जणांत चाचणी ‘पॉझिटिव्ह’ येते. हिवतापासारख्या वेगळ्याच तापातही हा आकडा वर जातो. उलट, खरा विषमज्वर असेल तर पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडे पुरेशी तयार झालेली नसतात आणि चाचणी निगेटिव्ह येऊ शकते.

या चाचणीला अर्थ हवा असेल तर दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त तपासून आकडा चौपट वाढला का, ते पाहावे लागते. तापाने फणफणलेला रुग्ण इतके दिवस थांबू शकत नाही. म्हणून एकाच चाचणीवर निदान ठोकले जाते.

विषमज्वराची खात्री करण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे ब्लड कल्चर. रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहायचे. त्याला दोन-तीन दिवस लागतात, खर्च जास्त येतो आणि प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्त घ्यावे लागते. ते घेऊनही दहापैकी साधारण चार खऱ्या रुग्णांत जंतू सापडत नाहीत. तरीही सापडले तर कोणते औषध लागू पडेल हेही कळते. एके काळी हुकमी समजल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनला आपल्याकडचे विषमज्वराचे जंतू बऱ्याच अंशी सरावले आहेत, त्यामुळे ही माहिती मोलाची आहे.

विषमज्वर आपल्याकडे खराच आहे आणि बराच आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना त्याची नवी लस देण्याची मोहीम हाती घेतली, ती उगीच नव्हे. मात्र ‘मुदतीचा ताप’ म्हणून घराघरांत ओळखीचा असलेला हा आजार इतर अनोळखी तापांवर पांघरूण घालतो.

काळी खपली आणि चुकलेले इंजेक्शन

त्या अनोळखी तापांतला सर्वात फसवा म्हणजे स्क्रब टायफस. नावात ‘टायफस’ असल्यामुळे ऐकणाऱ्याला तो टायफॉइडचा भाऊबंद वाटतो. प्रत्यक्षात दोघांचा काही संबंध नाही. झुडपांत, वाढलेल्या गवतात, बांधावर राहणाऱ्या माइट नावाच्या अतिसूक्ष्म किड्याच्या अळ्या चावल्या की ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हे जंतू शरीरात शिरतात. चावा दुखत नाही, त्यामुळे तो कोणाच्या लक्षातही राहत नाही. साधारण दहा-बारा दिवसांनी जोराचा ताप येतो, डोके ठणकते, कोरडा खोकला सुरू होतो. पुढे फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे, मेंदू यांपैकी कशालाही इजा होऊ शकते.

चावलेल्या जागी अनेकदा एक खूण उरते : विडीचा चटका बसावा तशी काळी खपली, भोवती लालसर कडा. ती दुखत नाही आणि असते ती काखेत, जांघेत, स्तनाखाली, नाडी किंवा पट्टा बांधतो त्या कमरेच्या भागात. कपडे बाजूला करून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. गर्दीच्या ओपीडीत, दोन मिनिटांच्या तपासणीत ती राहून जाते. सर्वच रुग्णांत ती सापडत नाही, पण सापडली तर कुठल्याही महागड्या चाचणीआधी निदानाची दिशा मिळते.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भाच्या इतर जिल्ह्यांत स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, मृत्यूही झाले. तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांत आले. आजार त्याआधीही होता. त्याचा संशय घेणारे आणि त्याची तपासणी करणारे कमी होते.

याहून मोठा धडा उत्तर प्रदेशातल्या गोरखपूरचा आहे. तिथे दरवर्षी पावसाळ्यात शेकडो मुले ताप, झटके आणि बेशुद्धी घेऊन दाखल होत आणि दगावत. कारण ठरलेले होते : जपानी मेंदूज्वर. त्याची लस आली, त्या रुग्णांचे प्रमाण घटले, पण मुले येतच राहिली. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आणि चेन्नईची राष्ट्रीय साथरोग संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी २०१५-१६ च्या सुमारास या रुग्णांचे नमुने तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांत स्क्रब टायफसचा पुरावा मिळाला. जपानी मेंदूज्वरावर नेमके औषध नाही. स्क्रब टायफसवर आहे. त्यानंतर त्या भागात तापाच्या मुलांना प्राथमिक आरोग्य केंद्रातच, मेंदूपर्यंत आजार पोहोचण्याआधी, योग्य प्रतिजैविक देण्यावर भर देण्यात आला.

ते औषध म्हणजे डॉक्सिसायक्लिन, किंवा गरोदर स्त्रियांसाठी ॲझिथ्रोमायसिन. दोन्ही जुनी, दोन्ही स्वस्त. वेळेवर दिले तर ताप बहुधा ४८ तासांत उतरतो. पण दाखल झालेल्या रुग्णाला सर्वात आधी दिले जाते ते सेफ्ट्रिॲक्सोनचे इंजेक्शन. विषमज्वरावर ते उत्तम, स्क्रब टायफसवर निरुपयोगी. हे जंतू पेशीच्या आत राहतात आणि पेनिसिलिनच्या कुळातली औषधे जंतूंच्या ज्या भिंतीवर घाव घालतात, ती भिंत यांच्यात जवळपास नसतेच. रुग्णाला ‘भारी’ इंजेक्शन मिळत असते, नातेवाइकांना समाधान असते आणि आजार पुढे सरकत असतो.

आजार गंभीर झाल्यावर काय करावे, याचे उत्तरही भारतातूनच मिळाले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने देशातल्या सात रुग्णालयांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन ही दोन्ही औषधे एकत्र दिल्यास कोणतेही एक देण्यापेक्षा अधिक चांगला परिणाम होतो, असे त्यातून दिसले.

पोटऱ्या दुखतात का?

दुसरा फसवा ताप लेप्टोस्पायरोसिस. मुंबईकरांना तो २६ जुलै २००५ नंतर ठळकपणे कळला. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोची साथ आली. उंदीर-घुशी, गुरे, कुत्री यांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात उतरतात आणि पायावरच्या जखमेतून, भेगांतून शरीरात शिरतात. शहरात गुडघाभर पाण्यातून घरी चालत येणारे आणि कोकणात चिखलणी-लावणी करणारे, दोघेही त्याच्या वाटेवर आहेत.

ताप, डोळे लाल होणे आणि पोटऱ्यांत असह्य वेदना ही त्याची ओळखण्यासारखी लक्षणे. ‘लावणीच्या वाकण्याने पाय दुखतात’ असे म्हणून नेमके तेच लक्षण घरीच निकालात निघते. पुढे डोळे पिवळे पडले की ‘कावीळ’ ठरते आणि गावठी औषध सुरू होते. साध्या विषाणूजन्य काविळीत कावीळ दिसू लागते तोवर ताप सहसा उतरलेला असतो. ताप आणि कावीळ हातात हात घालून आले आणि त्यात लघवी कमी झाली, तर लेप्टो, हिवताप, स्क्रब टायफस यांचा विचार तातडीने करावा लागतो. लेप्टो फुप्फुसांत रक्तस्राव घडवू लागला, तर हातात तास उरतात. सुरुवातीच्या टप्प्यात मात्र इथेही डॉक्सिसायक्लिन पुरते. गंभीर रुग्णाला पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन शिरेतून देतात.

पेशी कमी, म्हणजे डेंग्यू?

टायफॉइडखालोखाल चिकटवले जाणारे नाव डेंग्यूचे, तेही बहुधा प्लेटलेटच्या आकड्यावरून. प्लेटलेट हिवतापातही घटतात, लेप्टोत घटतात, स्क्रब टायफसमध्येही घटतात. त्या आकड्यावरून डेंग्यू ठरवणे म्हणजे धूर दिसला म्हणून कुठल्या घराला आग लागली ते सांगण्यासारखे आहे.

खराच डेंग्यू असेल तेव्हाही लक्ष चुकीच्या ठिकाणी जाते. नातेवाईक प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी वणवण करतात. रक्तस्राव नसताना केवळ आकडा उतरला म्हणून प्लेटलेट चढवण्याचा सहसा उपयोग नसतो. खरा धोका ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान असतो. घरच्यांना हायसे वाटते त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो. पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून रक्त, विलक्षण थकवा, ही लक्षणे दिसली तर ताप नसला तरी रुग्णालय गाठायला हवे.

चाचणीला दिवस लागतात

निदान चुकण्याचे आणखी एक कारण साधे आहे : योग्य चाचणी चुकीच्या दिवशी होते. डेंग्यूची एनएस-१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी. त्यानंतर आयजीएम चाचणी. लेप्टो आणि स्क्रब टायफसची आयजीएम पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे ‘निगेटिव्ह आहे’ म्हणून आजार नाकारता येत नाही. हिवतापाचा रक्तनमुना एकदा स्वच्छ आला तरी संशय असेल तर १२ ते २४ तासांनी पुन्हा पाहावा लागतो. म्हणून रिपोर्टवर ‘तापाचा कितवा दिवस’ हे लिहिलेले नसेल, तर तो रिपोर्ट अर्धवटच वाचला जातो. शिवाय पावसाळ्यात एकाच रुग्णाला दोन आजार असणे अशक्य नाही. एक सापडला म्हणून दुसरा नाही, असे होत नाही.

याचा दोष एकट्या डॉक्टरवर टाकून चालणार नाही. दिवसाला शंभर रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरकडे कपडे बाजूला करून खपली शोधायला वेळ नसतो. विडाल कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये तासाभरात होते. कल्चरची सोय आणि स्क्रब टायफसची खात्रीची एलायझा चाचणी अनेक तालुक्यांत हाताशी नाही. रुग्णालाही ‘अजून सांगता येत नाही’ हे उत्तर नको असते. त्याला नाव हवे असते आणि सलाईन हवे असते. जे नाव सर्वात सहज मिळते, ते त्याला मिळते. पावसाळ्यापूर्वी डेंग्यूचे फलक लागतात, धूरफवारणी होते. त्यासोबत उपजिल्हा रुग्णालयांपर्यंत कल्चर आणि एलायझाची सोय पोहोचवणे, हे तितकेच निकडीचे काम आहे.

आपल्या हातात काय आहे?

तापाची तारीख लिहून ठेवा. डॉक्टरांना ‘चार-पाच दिवस झाले’ असे न सांगता नेमका दिवस सांगा. गेल्या दोन-तीन आठवड्यांत पुराच्या पाण्यातून चाललात का, शेतात, गोठ्यात, रानात काम केले का, प्रवास केला का, हे न विचारता सांगा. अंगावर कुठे खपली आहे का, ते घरीच आरशात पाहा, वयस्कर माणसांचे आणि मुलांचे अंग घरच्यांनी पाहा. डॉक्टरांनी प्रतिजैविकाआधी कल्चरसाठी रक्त मागितले तर खर्चावरून वाद घालू नका. तापात पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि हा लेख वाचून डॉक्सिसायक्लिन दुकानातून आणून घेऊ नका. संशय कोणत्या तापाचा, हे तपासून ठरवायचे असते.

औषध सुरू करून दोन-तीन दिवस झाले, तरी ताप तसाच आहे, धाप लागते आहे, लघवी कमी झाली आहे किंवा माणूस गुंगीत आहे, तर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : ‘‘हा दुसरा कुठला ताप असू शकेल का?’’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. तो फाईलचे पहिले पान पुन्हा उघडतो.