बाळाची रात्र

आमचा तीन महिन्यांचा नातू रात्रीतून चार वेळा उठतो. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा आग्रह, की जायफळाचे दोन वेढे उगाळून चाटवावेत. मी संमती दिली नाही. पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या आया अफूची बाळागोळी देऊन मुलास निजवीत. त्यांची अगतिकता समजते. माणसांनी भरलेल्या घरास ती सबब कोठून?

तान्ह्याचे पोट लहान, मातेचे दूध लवकर पचते. त्याचे जागणे हा रोग नव्हे. दिवस-रात्रीचा भेद मात्र त्यास हळूहळू शिकविता येतो. दिवसा उजेडात, माणसांत ठेवावे. रात्री दिवा मंद, पाजणे मुकाट्याने, खेळविणे नाही. (मध्यरात्री त्याच्यापुढे स्तोत्रे म्हणत बसण्याचा अपराध माझाच.) पाजून झाले की ढेकर काढण्यास आजीने घ्यावे, सूनबाईंस तेवढीच झोप. बाळास उताणे, उशीवाचून निजवावे. आमच्या अहेरीस हिवतापाचे भय, म्हणून मच्छरदाणी हवीच.

खरी धास्ती उठणाऱ्या बाळाची नसून न उठणाऱ्याची. याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यांतील स्त्रियांस नवजात अर्भकाच्या आजाराची लक्षणे ओळखण्यास शिकविले. त्याचा वृत्तांत १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दूध ओढणे थांबले, रडणे क्षीण झाले, अंग ढिले वा गार पडले, तर उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जायफळाची गुंगी आणि आजाराची ग्लानी मंद दिव्यात वेगळी ओळखू येत नाही. माझ्या नकाराचे कारण एवढेच.